वय ४१ आणि हातातला गेम : घ्यावा की गप्प बसावं?

शेवटची_कर्जत | १४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:२२

नमस्कार मंडळी. धागा काढू की नको यात आठवडा गेला. घरात विषय काढला तर सगळे हसले, आता तुम्हीही हसून घ्या.

वय ४१. राहायला बदलापूर, आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला ऑफिस. लेक नऊ वर्षांची. शाळेत असताना शेजारच्यांच्या समुराईवर (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) काँट्रा खेळलो, कॉलेजात मित्राच्या रूमवर रात्ररात्र एज ऑफ एम्पायर्स. मग नोकरी, लग्न, घराचा हप्ता. गेम कधी सुटला ते कळलंही नाही. गेल्या दिवाळीत भाच्याने त्याचा स्टीम डेक (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) अर्धा तास हातात दिला आणि तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही.

डोक्यात आहे ते असं : अ) स्टीम डेक, ओलेड पडद्याचा. आ) निन्टेन्डो स्विच २. इ) आसूसचा रॉग अ‍ॅलाय. ई) गप्प बसणे.

खरी अडचण पैशांची नाही. म्हणजे आहेच, पण ती दुसऱ्या नंबरची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी हौसेने दुर्बीण घेतली होती. शनी दोनदा पाहिला, चंद्र एकदा. आता ती लोखंडी कपाटावर बसून आमच्याकडे बघते. बायकोचं म्हणणं एवढंच, "घे, पण दुर्बिणीशेजारी जागा नाही." माझा म्हणावा असा वेळ रात्री साडेदहा ते सव्वाअकरा. एवढ्यात काही खेळून होतं का? ज्यांनी चाळिशीत घेतलं त्यांनी खरंखरं सांगा.

चकलीचा_साचा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:३१

ई. धागा बंद करायला हरकत नाही.

रंकाळ्यावरचा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:४०

काँट्रा म्हटल्यावर डोळे पाणावले की ओ. तीस जीव मिळायचे बटणांच्या त्या मंत्राने, वर वर खाली खाली... पुढचं अजून बोटांना पाठ आहे. बायकोचा फोन नंबर नाही.

दुसरा_डबा | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

दीड वर्षापासून डेक ओलेड वापरतोय, वय ४४, मुलुंड. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे तुम्ही यंत्राची ताकद बघताय, आणि तुमच्या वेळापत्रकाला ताकदीशी काही देणंघेणं नाही. पीसीवर गेम खेळायचा तर खुर्ची, मशीन चालू, अपडेट, लॉगिन, गेम उघडला, कंपन्यांचे लोगो, मेनू. त्यात दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात दूधवाल्याचा हिशोब आठवतो. डेकवर वरचं एक बटण दाबलं की गेम जिथे आहे तिथे गोठतो. उडी मारताना हवेत असलात तर हवेतच. कुकरची शिट्टी झाली, दाबा. पोरगी उठली, दाबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं की दोन-चार सेकंदांत तिथूनच पुढे. माझ्या मते हातातलं यंत्र घ्यायचं हे एकच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे. गेल्या दहा वर्षांत पीसीवर जेवढे गेम पुरे केले नव्हते तेवढे या दीड वर्षात झाले, ते सगळे वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत.

बॅटरीचा हिशोब साधा आहे. ओलेडची बॅटरी ५० वॅट-तासांची, जुन्या एलसीडीवाल्याची ४०. मोठा, झगमगीत गेम सगळा मिळून वीस-पंचवीस वॅट खातो, म्हणजे दोन-अडीच तास. साधा द्विमितीय गेम आठ-नऊ वॅटवर चालतो, पाच-सहा तास आरामात. सेटिंगमध्ये वॅटला लगाम घालता येतो, चित्रं सेकंदाला ६० ऐवजी ४० वर आणता येतात. चाळिशीच्या डोळ्यांना फरक कळत नाही, चष्मा लावूनही.

आता वाईट बातमी. डेक बनवणारी कंपनी, वॉल्व्ह, तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. ओलेड नोव्हेंबर २०२३ ला आला तेव्हा अमेरिकेत ५४९ डॉलरपासून होता. इथे जो मिळतो तो कुणीतरी आणलेला, वर त्याचा नफा. बिघडलं तर वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. आणि भाचा फोर्टनाइट किंवा व्हॅलोरंटसाठी मागे लागणार असेल तर आधीच सांगून टाका, ते यावर चालत नाहीत. आत विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि त्या गेमांच्या, खेळात लबाडी करणाऱ्यांना पकडणाऱ्या प्रणालीला लिनक्स चालत नाही.

अ‍ॅटॉमिक_आंबा | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:१७

दुसरा_डबा, मुद्दे बरोबर, निष्कर्ष चूक. ज्या यंत्राला देशात वॉरंटी नाही ते पहिल्यांदाच घेणाऱ्याला सुचवायचं? रॉग अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात रीतसर आला, ६९,९९० ला. बिल मिळतं, जीएसटी क्रमांक मिळतो, सर्व्हिस सेंटर आहे. पडदा १०८०पी आणि १२० हर्ट्झ, डेकचा ८०० रेघांचा. वर विंडोज असल्याने सगळं चालतं, भाच्याचंसुद्धा.

दुसरा_डबा | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

चालतं, मान्य. पण विंडोज माउस आणि कीबोर्डसाठी बनलेलं आहे. सात इंची पडद्यावर अंगठ्याने ती इवलीशी फुली दाबायची म्हणजे पोहे निवडण्यासारखं. झोपवणं-उठवणंही तेवढं बिनघोर नाही. आणि पहिल्या अ‍ॅलायची बॅटरी ४० वॅट-तासच आहे. ८० वाला अ‍ॅलाय एक्स आला २०२४ मध्ये, तो आणखी महाग.

अ‍ॅटॉमिक_आंबा | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:५२

पोहे निवडायची सवय असलेल्यांना त्रास होत नाही.

पाणपोई | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

मी जरा वेगळा सूर लावतो, रागावू नका. साठ-सत्तर हजार. याच पैशात मुलीच्या नावाने काय काय करता येईल याचा विचार केलात का? हातात फोन आहेच. त्यावर बुद्धिबळ खेळा. चाळिशीनंतर माणसाने पडदे कमी करायचे की वाढवायचे? लेक बघणार, बाबा रात्री काय करतो ते.

निंबोणी | १५ ऑक्टोबर, दुपारी २:१५

पाणपोई, बाबा रात्री रील्स बघतो हे ती आत्ताही बघतेच आहे की.

मी नर्स आहे, रात्रपाळी असते. माझ्याकडे स्विच लाइट आहे, २०१९ चं मॉडेल, २७५ ग्रॅम. इतकं हलकं की पर्समध्ये डब्याखाली विसरलं जातं. त्यावर मी फक्त एकच गेम खेळते, स्टारड्यू व्हॅली. आजोबांचं पडीक शेत मिळतं, ते नीट करायचं, एवढीच गोष्ट. एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून हा गेम बनवला आणि २०१६ मध्ये बाहेर काढला. त्यातला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा असतो. सकाळी सहाला उठा, पाणी घाला, कोंबड्यांची चौकशी करा, गावात जाऊन कुणाला तरी मुळा भेट द्या, झोपा. माझी ड्युटी संपल्यावर बस येईपर्यंत बरोब्बर दोन दिवस होतात.

आमच्याकडे एखादी रात्र फार वाईट जाते. त्यानंतर मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही, पुस्तकाची ओळ डोक्यात शिरत नाही. पण कोबीला पाणी घालता येतं. कोबी वेळेवर उगवतो. म्हणून शेवटची_कर्जत, "वापरलं जाईल का" याचं उत्तर यंत्रात नाही, तुमच्या कोबीत आहे. आधी असा एक गेम शोधा जो तुम्हाला उद्याही खेळावासा वाटेल. मग तो कशावर चालतो ते बघा.

रंकाळ्यावरचा | १५ ऑक्टोबर, दुपारी २:२०

ताई, दंडवत. "तुमच्या कोबीत आहे" हे मी भिंतीवर लावणार.

चकलीचा_साचा | १५ ऑक्टोबर, दुपारी २:३१

खऱ्या शेताला पाणी घालायला बोलावलं की ही मंडळी मुंबईला पळतात.

अण्णा_६२ | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४८

मी निवृत्त माणूस, पण या विषयातला जुना खिलाडी. जरा इतिहास सांगू द्या.

हातातल्या गेमची सुरुवातच मुळी रेल्वेतून झाली अशी गोष्ट सांगतात. निन्टेन्डोत गुनपेई योकोई नावाचे गृहस्थ होते. त्यांनी शिनकानसेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरशी चाळा करताना पाहिला, आणि त्यातून १९८० साली गेम अँड वॉच आलं. पडदा कॅल्क्युलेटरचा, सेल घड्याळाचे. त्यांचं तत्त्वच होतं की जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि नव्या कामाला लावायचं. १९८९ चा गेमबॉयही तसाच, हिरवट पडदा, चार छटा, आत दिवासुद्धा नाही. त्याच वर्षी अटारीने रंगीत लिंक्स आणला, पुढच्या वर्षी सेगाने गेम गिअर. गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन-चार तासांत संपायचे. गेमबॉय चार सेलवर दहा-पंधरा तास चालायचा. कोण जिंकलं ते सांगायला नको.

आपल्याकडे हे काहीच नीट आलं नाही. आला तो चिनी ब्रिक गेम, डब्यावर "९९९९ गेम" लिहिलेला, प्रत्यक्षात विटाच रचायच्या. मी १९९६ ला जत्रेतून घेतला. दोन सेल. सौभाग्यवतींनी त्यावर माझा उच्चांक मोडला तेव्हापासून तो "बंद पडलाय".

अ‍ॅटॉमिक_आंबा | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:०२

अण्णा, हाहाहा. आमच्याकडे लिटल मास्टर होता आणि त्याची कॅसेट. अडकली की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. आजही पेन ड्राइव्ह चालला नाही की हात तोंडाकडे जातो.

अण्णा_६२ | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:२०

फुंकरीचा उपयोग शून्य बरं का. काढून परत घातल्यामुळे धातूची टोकं नीट टेकायची, म्हणून चालायचं. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने ती टोकं गंजायची. हे मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस म्हणून सांगतो, आणि तरी मीही फुंकर मारायचोच.

रंकाळ्यावरचा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

योकोईसाहेबांचंच तत्त्व पुढे नेतो. एवढे पैसे घालवताय कशाला भावा? माझ्याकडे मियू मिनी प्लस आहे. साडेतीन इंची पडदा, शर्टाच्या खिशात बसतो. मला साडेसहा हजाराला पडला. त्यात समुराईच्या काळातलं सगळं, गेमबॉयचं सगळं आणि पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचं चालतं. बदलापूर लोकलला हेच यंत्र. डेक ६४० ग्रॅमचा आहे, डोंबिवलीला कुणाच्या तरी डोक्यात बसेल.

शेवटची_कर्जत | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३५

सगळ्यांचे आभार, वाचतोय. लोकलचं मात्र आत्ताच स्पष्ट करतो, लोकलमध्ये खेळायचा प्रश्नच येत नाही. सकाळी आठला अंबरनाथनंतर स्वतःचा हात स्वतःच्या खिशापर्यंत नेता येत नाही. परवा नाकाला खाज आली ती ठाण्याला उतरून भागवली.

पाणपोई | १५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

रंकाळ्यावरचा, त्या साडेसहा हजारांच्या डबीत हजारो गेम फुकट भरून येतात, ते कुणाचे? कार्डावर "भरून दिलेले" सगळे गेम चोरीचेच. १९८५ चा मारिओ जुना झाला म्हणून त्यावरचा हक्क संपलेला नाही.

रंकाळ्यावरचा | १५ ऑक्टोबर, रात्री ११:०४

मुद्दा मान्य, खोटं कशाला बोलू. पण समुराईची "६४ इन १" कॅसेट तरी कुठे पावतीसकट मिळायची? सगळी पिढीच त्यावर वाढली.

पाणपोई | १५ ऑक्टोबर, रात्री ११:०९

म्हणून बरोबर ठरत नाही.

दुसरा_डबा | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

दोघांनाही पटेल असं सांगतो. जुन्या गेमबॉयसाठी आजही हौशी लोक नवे गेम बनवतात आणि थोड्या पैशांत रीतसर विकतात. मियू घ्या, ते विकत घेऊन खेळा. शिवाय स्टीमवर, म्हणजे वॉल्व्हच्या ऑनलाइन गेमदुकानात, जुन्या गेमांचे संच कंपन्या स्वतःच विकतात, भाव रुपयांत, यूपीआय चालतं, सेलमध्ये वडापावच्या भावात नाही तरी मिसळीच्या भावात मिळतात. ई मधला "गप्प बसणे" सोडला तर डेकच्या बाजूने हाच मोठा मुद्दा आहे : यंत्र एकदा महाग, गेम कायम स्वस्त. स्विचचं उलट. निन्टेन्डोचे गेम सेलमध्येही फारसे वाकत नाहीत. स्विच २ सोबत आलेला नवा मारिओ कार्ट ८० डॉलरचा आहे.

तोक्योतली_माधवी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

निशी-कासाईतून नमस्कार. स्विचचं नाव निघालं म्हणून घाईने लिहितेय, कारण दिवाळीला जपानहून कुणी येणार असेल तर लोक हमखास ही चूक करतात.

जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारचा आहे. एक ४९,९८० येनचा, एक ६९,९८० येनचा. स्वस्त बघून पहिला आणायला सांगाल तर तो फक्त जपानी भाषेत चालतो, आणि त्याला अकाउंटही जपानचंच जोडता येतं. भावाने मागितला तेव्हा मी दुकानातून फोटो पाठवून तीनदा विचारलं, तरी "स्वस्तवाला घे" म्हणाला. मी घेतला नाही, म्हणून आजही आमचं बोलणं चालू आहे. शिवाय निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे नाही, गेम डाउनलोड करायला दुसऱ्या देशाचं अकाउंट लागतं. येणाऱ्या माणसाला एवढंच सांगा की यंत्र हातातल्या बॅगेत ठेव, लिथियम बॅटरी आहे.

अवांतर : इथे जुन्या वस्तूंच्या दुकानांत "जंक" लिहिलेली टोपली असते. बंद पडलेले गेमबॉय, तुटके झाकण, बटण नसलेलं काहीतरी. नवरा रविवारी त्यात हात घालून बसतो, मासळीबाजारात कोळंबी निवडल्यासारखा. तीन बंदांतून एक चालू करतो. खेळत कधीच नाही. दुरुस्त झाला की कपाटात. शेवटची_कर्जत, "वापरलं जाईल का" हा प्रश्न त्याला विचारायची सोय नाही, तो म्हणतो वापरणं म्हणजे उघडून बघणं.

फोंड्याचा_माड | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:१५

आमच्याकडे आई खेळते. वय ६८. मारिओ कार्ट, जुन्या स्विचवर. गाडी कडेला आपटू नये म्हणून मदत करणारी सोय असते, ती तिने बंद करायला लावली, "माका नाका ती" म्हणाली. नातवाला हरवते आणि मग मासे तळायला जाते.

साधी सूचना. घरात मूल आहे, तर दोघांना मिळून खेळता येईल असं घ्या. स्विचची बटणं दोन्ही बाजूंनी सुटतात, एक तिला, एक तुम्हाला. डेकवर वेगळा कंट्रोलर लागतो.

चकलीचा_साचा | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

माझ्या सासऱ्यांनी हा धागा वाचला. त्यांचा प्रश्न : "ऑनलाइन गेमवर सरकारने बंदी घातली ना? मग जावई काय वाचतोय?"

अ‍ॅटॉमिक_आंबा | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:५५

त्यांना सांगा, ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या गेमांवर आहे, रमी वगैरे. इथे पैसे जातात, पण परत यायची काडीची आशा नसते. म्हणून कायदेशीर.

अण्णा_६२ | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

एक विचारतो. यात काही आपल्याकडचं आहे का? का सगळे जपानी प्लंबर आणि अमेरिकन सैनिक?

दुसरा_डबा | १६ ऑक्टोबर, रात्री ८:२०

आहे की. राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलाय. २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी स्विचवरच आला, काही महिन्यांनी पीसीवर. सर्कशीत काम करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांनी पळवलंय. निवेदन विष्णू आणि दुर्गा करतात, मधली गोष्ट छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितली आहे. मारामारी ठीकठाक, पण वाडे, जाळ्या, भिंतींवरची चित्रं बघत मी उगाच फिरत राहिलो. पाच-सहा तासांत संपतो, म्हणजे शेवटची_कर्जत यांची एक आठवड्याची सोय.

आणि हो, शेवटची_कर्जत : मी दिवाळीत १८ ते २ गावी आहे. डेक घरी पडून राहील. मुलुंडला येऊन घेऊन जा. पंधरा दिवस वापरा, मग ठरवा. दुर्बिणीच्या वेळी तुम्हाला कुणी उसनी दिली असती तर कपाटावर जागा असती.

पाणपोई | १६ ऑक्टोबर, रात्री ८:३४

हा मात्र खरा सल्ला. आधीच्या सगळ्या विरोधासकट अनुमोदन.

निंबोणी | १६ ऑक्टोबर, रात्री ८:४०

+१. पाणपोईंनी +१ दिला याला वेगळा +१.

शेवटची_कर्जत | १६ ऑक्टोबर, रात्री १०:४१

दुसरा_डबा, काय बोलू? उद्या ऑफिस सुटल्यावर येतो. सोबत बायकोने केलेल्या करंज्या.

चकलीचा_साचा | १६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मी ट्रॅक्टर घ्यावा का असा धागा काढतोय. कुणाकडे पंधरा दिवस पडून असेल तर.

शेवटची_कर्जत | ४ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४८

मंडळी, परत आलोय. डेक काल मुलुंडला पोचवला. खरंखरं सांगतो.

पहिले पाच दिवस फुकट गेले. इतकी वर्षं ज्याबद्दल ऐकत होतो तो भला मोठा गेम आधी घातला, घोडा, तलवार, जंगल, दाढीवाला राक्षस-शिकारी. रोज साडेदहाला उघडायचो आणि काल कुठल्या बटणाने काय होत होतं ते आठवायचं नाही. दहा मिनिटं घोड्यावरून उतरण्यात. एक बाई मला काहीतरी आणायला सांगून बसली होती. काय आणायचं ते मी विसरलो, तीही सांगेना. पाचव्या रात्री पोटात तोच गोळा आला, दुर्बिणीवाला. म्हटलं, झालं, आपल्यात ती चिकाटीच उरली नाही.

मग निंबोणीताईंचा कोबी आठवला. मोठा गेम काढून टाकला आणि बालाट्रो घातला. पत्त्यांचा आहे. जोडी, तिरी, रंग जमवायचे, मध्ये मध्ये जोकर विकत घ्यायचे आणि ते जोकर सगळे नियम उलटेपालटे करतात. एक डाव अर्ध्या-पाऊण तासाचा. खेळताना पैसे लावावे लागत नाहीत, चकलीचा_साचा यांच्या सासऱ्यांना कळवावे. पहिल्या रात्री सव्वाअकराला बंद करायचा होता, घड्याळ बघितलं तर पावणेदोन. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे मिटत होते, पण कितीतरी वर्षांनी एखाद्या गोष्टीसाठी जागलो होतो जिचा हप्ता नव्हता.

ते झोपवायचं बटण म्हणजे काय चीज आहे हे मला भाऊबिजेला कळलं. बहीण यायची होती, मी सोफ्यावर, बेल वाजली. दाबलं, उशीखाली सरकवलं. रात्री भांडी आवरून आल्यावर काढलं तर माझे पत्ते हातात तसेच. मला वाटतं लहानपणी हेच हवं होतं. तेव्हा जेवायला हाक आली की समुराई बंद, आणि परत पहिल्या पुलापासून.

राजी मी खेळलो नाही. लेकीने खेळला. मी शेजारी बसून "मागे बघ, मागे बघ" एवढंच काम केलं. गोलू सापडेपर्यंत तिने मला हात लावू दिला नाही. फोंड्याचा_माड, तुमचं म्हणणं पटलं, दोघांसाठी स्विच बरा. पण आमचं एकाने खेळायचं आणि एकाने ओरडायचं हेही वाईट चाललं नाही.

काय आवडलं नाही तेही सांगतो. आडवं पडून खेळायला जड आहे, झोप लागून तोंडावर पडला, ओठ सुजला. मोठा गेम चालू असला की पंखा चांगलाच ऐकू येतो. आणि रात्री उजेड डोळ्यांत जातो, त्याबाबत पाणपोई अगदीच चूक नाहीत.

तर निर्णय : अ, पण ओलेड नाही. कल्याणचा एक मुलगा शिकायला बाहेर चाललाय, त्याचा जुना एलसीडीवाला विकतोय. बघायला जाताना काय तपासू?

दुसरा_डबा | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

ओठाचं मला फोनवर सांगितलं नव्हतं. असो.

तपासताना घाई करू नका. सेटिंगमध्ये कंट्रोलरची चाचणी असते, तिथे अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही काठ्या सोडून द्या आणि बघा ठिपका मध्येच थांबतो का. आपोआप सरकत असेल तर भाव कमी करा. काठी बदलता येते, मिळते, थोड्या स्क्रूंचं काम. एखादा जड गेम वीस मिनिटं चालू ठेवा, पंखा खरखरतो का ऐका. डेस्कटॉपवर जाऊन बॅटरीची उरलेली क्षमता बघा, ४० पैकी ३५ च्या वर असेल तर चांगलं. पूर्ण पांढरा फोटो लावून पडद्यावर डाग शोधा. मेमरी कार्डची खाच चालते का बघा. आणि शेवटी त्याच्यासमोरच फॅक्टरी रीसेट मारून स्वतःच्या खात्याने आत शिरा. पैसे त्यानंतर.

शेवटची_कर्जत | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

घेतला. उजवी काठी जराशी सरकत होती, त्याचे दोन हजार सुटले. पैसे कुठून आणले हे सांगायचं राहिलं : थोडी बचत, थोडी दुर्बीण. अण्णा_६२ यांनी व्यक्तिगत निरोपातून विचारणा केली होती. काल येऊन घेऊन गेले. कपाटावर आता जागा आहे. बायको म्हणाली, तिथे डेक ठेवायचा नाही, फुलदाणी येणार आहे.

रंकाळ्यावरचा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४१

नाद खुळा! स्टारड्यूतल्या शेताचं नाव काय ठेवलंस?

शेवटची_कर्जत | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४४

शेत लेकीचं आहे. "पाणपोई फार्म". मी नाही, तिने ठेवलं. तिला तो शब्द आवडला.

पाणपोई | १० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

बरं. कोबी लावायला सांगा.

अण्णा_६२ | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५५

शेवटची_कर्जत, तक्रार आहे. गेले तीन दिवस गच्चीवर आहे. शनी सापडला, पण कडं कुठाय? नुसता पिवळा ठिपका, आणि मधून केसाएवढी रेघ. भिंग खराब आहे की तुम्ही मला फसवलंत?

शेवटची_कर्जत | २२ नोव्हेंबर, रात्री १०:३८

अण्णा, भिंग ठणठणीत आहे. कडी यंदा पृथ्वीवरून धारेवर दिसताहेत, म्हणून रेघ. २०२० ला मी पाहिली तेव्हा छान उघडी होती, पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा हळूहळू उघडत जातील. तोवर गुरू बघा, त्याचे चार चंद्र याच दुर्बिणीतून दिसतात, उशिरा उगवतोय.

अण्णा_६२ | २२ नोव्हेंबर, रात्री १०:५१

दोन-तीन वर्षं. माझं वय नावातच लिहिलंय की हो.

बरं, त्या पत्त्यांच्या गेमचं नाव काय म्हणालात? तो फोनवर मिळतो का?